सातवी फाईल

पुस्तक उसवायचं ठरवलं तेव्हा घरात कुणाला विचारावं असं भीमाप्पा मगदूमांना वाटलं नाही. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढून, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून, निवृत्त झालेल्या माणसाला काही गोष्टी दिसताक्षणी कळतात. त्यातली एक अशी की, काम अडतं ते काम अवघड असतं म्हणून नाही, फाईल जाड होते म्हणून.

आणि ही फाईल जाड होती. साडेचारशे पानं, मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजी. दीडशे वर्षांपूर्वीची विलायती कादंबरी. आईबाप नसलेली एक मुलगी मामीच्या घरी बोलणी खात वाढते, मोठी होऊन एका बड्या घरात शिकवणीची बाई म्हणून राहते आणि घराच्या मालकाशीच तिचं लग्न ठरतं. पुढं बरंच होतं. भीमाप्पांच्या सुनेचा, शिवांजलीचा, बी.ए.चा हा एकच पेपर राहिला होता. पहिल्यांदा ती चार मार्कांनी गेली. मग लग्न झालं. दुसऱ्यांदा ऐन पेपरच्या दिवशी सासूला, म्हणजे रत्नव्वाला, टायफॉइडनं दवाखान्यात ठेवलं होतं. पोरगी हॉलतिकीट पर्समध्ये ठेवून दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून राहिली. आता १९९८ च्या मार्चमध्ये विद्यापीठानं कळवलं होतं की, जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची संधी.

संधीला आणखी एक टोक होतं. भीमाप्पांचा मुलगा राजशेखर कुरुंदवाडकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. तिथं खोली घेऊन राहायचा, शनिवारी घरी यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा. कुरुंदवाडात जूनपासून इंग्रजी शाळा निघणार होती आणि शिवांजलीला घ्यायला चालकांची ना नव्हती. फक्त पदवी हातात पाहिजे. म्हणजे पेपर सुटला की नोकरी, आणि लग्नाला तीन वर्षं झाल्यावर नवराबायको एका छपराखाली. शाहूपुरीतल्या त्यांच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. रत्नव्वासमोर मात्र ती कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आता भाकरी थापताना साडेचारशे पानांचं पुस्तक धरायचं कुठं? शिवांजलीनं ते पोळपाटाला टेकवलं, तर ते पिठात पालथं पडलं. मिठाच्या बरणीला टेकवलं, तर बरणी पडली. हे दोन दिवस बघून तिसऱ्या दिवशी भीमाप्पांनी आडकित्त्यानं शिवण कापली, पुस्तकाचे नऊ भाग केले, प्रत्येकाला खाकी पुठ्ठा आणि लाल नाडी लावली, वर ठळक मराठी आकडे घातले आणि नऊ फायली ओळीनं मांडून सुनेला बोलावलं.

शिवांजलीचा चेहरा उतरला.

“अप्पा, कॉलेजच्या लायब्ररीचं आहे ते.”

“मग? परत करायच्या आधी बांधून देऊ की. जिनेंद्र कशाला आहे?”

शेजारच्या जिनेंद्रचं लग्नपत्रिका छापायचं आणि वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं. उत्तर बिनतोड होतं. भीमाप्पांनी शेजारी एक रजिस्टरही ठेवलं: फाईल क्रमांक, कुणी नेली, कधी नेली, कधी परत. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही फाईल हरवली नव्हती. पंचवीस पानांची एक फाईल एकदा हरवली होती, पण ती साहेबांच्या टेबलावरून, आणि ती सापडली तेव्हा साहेब तिच्यावरच बसले होते.

अभ्यास संध्याकाळी साडेचार ते पावणेसहा, दारातल्या कट्ट्यावर. ही वेळ जिनेंद्रच्या आईमुळे ठरली. सीताबाई दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्यांना घरी जाऊन पान वाढून घ्यायला वेळ लागायचा. त्यांचा अभ्यासाशी काय संबंध, हे भीमाप्पांनी एकदा विचारलं. “तुमी मोठ्यानं सांगताय, मी भिंतीपलीकडनं अर्धंच ऐकायचं व्हय?” असं त्या म्हणाल्या आणि पाट घेऊन येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या गिरणीवाल्या बनाबाई आल्या. त्यांच्या केसांना आणि भुवयांना कायम पीठ असायचं, त्यामुळं त्यांचं नेमकं वय किती याबद्दल गल्लीत दोन मतं होती.

भीमाप्पा रोज दुपारी डिक्शनरी आणि बाजारातलं गाईड घेऊन एक फाईल संपवायचे आणि संध्याकाळी तिचा गोषवारा द्यायचे. त्यांची शैली कचेरीतली होती.

“सदर मालकाचा स्वभाव तापट असून, तो घरी असला तर असतो, नसला तर कळवत नाही. रात्री माडीवरून कुणाचं तरी हसणं ऐकू येतं. सदर मुलीनं त्याला एकदा आगीतून वाचवलं आहे. तरी आग कुणी लावली याची चौकशी झालेली दिसत नाही.”

“न्हाईच हुणार,” बनाबाई म्हणाल्या. “माडीवर हसतंय कोण त्ये तरी बघिटलं का कुणी?”

“नोकरीण हसते असं मालक सांगतो.”

“सांगतोय तर. आन् ही ऐकतीया.”

मालकानं मुलीला मागणी घातली त्या दिवशी कट्ट्यावर गंभीर चर्चा झाली. विलायतेतल्या लग्नाची ती आपल्याकडच्या स्थळासारखीच झाली, कारण दुसरी पद्धत कुणाला माहीत नव्हती. पोरगी द्यायची म्हणजे आधी चौकशी. मुलीकडची दोन शहाणी माणसं गुपचूप मुलाच्या गावी जातात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, वाण्याला, न्हाव्याला विचारतात, घरात कोण कोण आहे ते डोळ्यांनी बघतात आणि मग होकार.

“हिच्या वतीनं घर बघाय कोण गेलतं?” सीताबाईंनी विचारलं.

“कुणी नाही.”

“गावात इचारलं?”

“तशी नोंद नाही.”

“अवो, असं कसं? पोरगी हाय का गठुळं?”

“तिला आहे कोण जायला?” भीमाप्पा म्हणाले. “आईबाप नाहीत तिला.”

शिवांजली फाईलीच्या नाडीची गाठ सोडत होती. ती सुटली होती तरी सोडत होती. तिचेही आईवडील ती सात वर्षांची असताना गेले होते. मलकापूरला चुलत्यानं वाढवलं, बरं वाढवलं. पण भीमाप्पांना तीन वर्षांपूर्वीची बैठक आठवली. चुलता म्हणाला होता, “आम्हाला काही विचारायचं नाही, तुम्ही म्हणाल तसं.” मगदूमांच्या घरची चौकशी करायला मलकापुराहून एक माणूस आला नव्हता. त्या वेळी भीमाप्पांना याचा अभिमान वाटला होता. आपल्या घराचं नावच तसं आहे, असं त्यांनी चारचौघांत दोनदा सांगितलंही होतं. आता तेच वाक्य त्यांना परत म्हणवलं नसतं. त्यांनी चष्मा पुसला आणि सभा दहा मिनिटं आधी संपवली. सीताबाईंनी जाताना शिवांजलीच्या डोक्यावरून हात फिरवला. रत्नव्वा आतल्या दारात जोंधळे निवडत बसली होती. ती कट्ट्यावर कधी येत नसे. पण दाणे निवडणारा हात बऱ्याच वेळापासून थांबला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सहाव्या फाईलीत गोंधळ उडाला. ऐन लग्नात, भटजी मंत्र म्हणत असताना – भीमाप्पांनी पाद्र्याचा भटजी केला होता – एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, नवऱ्याची पहिली बायको जिवंत आहे. माडीवर कोंडलेली आहे. डोक्यानं अधू आहे.

बनाबाईंनी गिरणीकडं बघून “बंद कर गं!” अशी सुनेला हाक मारली, नीट ऐकू यावं म्हणून.

“माळ्यावर?” सीताबाई म्हणाल्या. “आन् इतकी वर्सं कुणाला कळलं न्हाई? अवो, दिवाळीला माळा झाडत्यात का न्हाई?”

“त्यांच्यात दिवाळी नसते.”

“मग जळमटं कवा काढत्यात?”

याचं उत्तर गाईडमध्ये नव्हतं. भीमाप्पांनी वहीत नोंद करून ठेवली.

“आता फुडं काय करती ही पोरगी?” बनाबाईंनी शिवांजलीलाच विचारलं.

शिवांजलीनं पुढचं वाचलेलं होतं. ती म्हणाली, “पहाटे उठते, आणि कुणाला न सांगता घर सोडून जाते. सातव्या फाईलीत.”

हे झालं शनिवारी. सोमवारी, तेवीस मार्चला, भीमाप्पा सुनेचा फॉर्म घेऊन कॉलेजच्या लायब्ररीत गेले. हॉलतिकिटासाठी ग्रंथपालाची सही लागत होती, की हिच्याकडं आमचं काही राहिलं नाही. मुदत बुधवारची. ग्रंथपाल आकाराम मास्तर हे अत्यंत नियमाचे गृहस्थ होते आणि भीमाप्पांना असा माणूस टेबलाच्या पलीकडं आयुष्यात प्रथमच भेटत होता. आतापर्यंत ते स्वतःच पलीकडं असत.

“पुस्तक नेलंय शिवांजली शेटे यांनी,” आकाराम मास्तर कार्ड बघत म्हणाले. “फॉर्म शिवांजली मगदूम यांचा. ह्या दोन बाया झाल्या.”

“एकच आहे. लग्न झालं.”

“तसं तुम्ही म्हणताय.”

“मी सासरा आहे!”

“सासऱ्याचा पुरावा?”

असला प्रश्न भीमाप्पांनी चौतीस वर्षांत किमान हजार लोकांना विचारला होता. तो विचारला गेल्यावर आत काय होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते उन्हातून चालत जिनेंद्रच्या दुकानात गेले. जिनेंद्र छापलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेची एक प्रत अल्बममध्ये चिकटवून ठेवायचा. १९९५ च्या अल्बममध्ये मगदूम-शेटे विवाह सापडला. अल्बम लायब्ररीत गेला. आकाराम मास्तरांनी पत्रिका तपासली आणि मग पानं उलटत स्वतःच्या पुतणीची पत्रिका शोधण्यात चाळीस मिनिटं घालवली. ती सापडल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला.

“सून एकच आहे, मान्य. आता पुस्तक आणा. पानं मोजून घेतो आणि सही करतो.”

“पानं मोजून?”

“मागल्या साली एकानं मधली चाळीस पानं फाडून नेली. तेव्हापासून मोजतो.”

मंगळवारी सकाळी जिनेंद्र म्हणाला, “अप्पा, दुपारी बारापर्यंत सगळ्या फायली द्या. खळ वाळाय एक रात्र लागती.” भीमाप्पांनी फायली ओळीनं लावल्या. एक ते सहा. आठ. नऊ.

सातवी नव्हती.

रजिस्टर बघितलं. सातवी कुणी नेल्याची नोंद नव्हती. भीमाप्पांनी ते उलटं धरूनही बघितलं. मग घर उलटं केलं. कपाटं, गाद्या, देव्हाऱ्यामागची फळी, राजशेखरची जुनी ट्रंक. माळाही झाडला, तिथं कुणी कोंडलेलं नव्हतं, एक फुटका कंदील होता.

साडेदहाला ते समोर गेले आणि त्यांनी बनाबाईंना, शक्य तितक्या सभ्यपणे, विचारलं की दळणाबरोबर चुकून एखादी फाईल—

“मगदूम अप्पा,” बनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या आणि गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या, “ह्या गिरणीत तीस वर्सांत एकाच्या गव्हात दुसऱ्याचा गहू गेला न्हाई. तुमचं कागूद मी काय चाळणीत घालू? हेडक्लार्क तुमी, रजिस्टर तुमचं, आन् चोर मी व्हय?”

भीमाप्पा परत आले. मागोमाग बनाबाईही आल्या, कारण भांडण अर्धवट राहिलं होतं आणि फाईलीचं काय झालं हेही कळायचं होतं. सीताबाई आल्या. प्रत्येकानं सल्ला दिला. सीताबाई म्हणाल्या, दुसरीकडनं पुस्तक आणून तेवढी पानं हातानं लिहून काढा. अक्षर चांगलं असलं की छापल्यासारखं दिसतं. जिनेंद्र म्हणाला, “मापाची कोरी पानं घालतो मधी. मास्तर मोजत्यात की, वाचत्यात कुठं?”

“खोटी पानं?” भीमाप्पा उठून उभे राहिले. “माझ्या हातनं?”

ते टेबलाशी बसले, फुलस्केप कागद घेतला आणि लिहायला लागले. मा. ग्रंथपाल यांस. सदर पुस्तक निम्नस्वाक्षरीकार याने कोणासही न विचारता उसवले. सदर कसूर सर्वस्वी माझी असून माझ्या सुनेचा तीत काही दोष नाही. चौतीस वर्षांत त्यांनी असे खुलासे लोकांकडून शेकड्यांनी लिहून घेतले होते. स्वतः हा पहिलाच. ‘दोष’वर पेन थांबलं.

शिवांजली चहा घेऊन आली. तिनं कागद वाचला, उचलला आणि घडी घातली.

“राहू दे अप्पा. मी नाही बसत पेपरला. नशिबात नसेल.”

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. लहानपणापासून काही मागायची सवय नसलेली माणसं म्हणतात तसं. बनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. पीठ डोळ्यात गेलं.

“किती जणं तोंडं पाडून बसलाय रं,” रत्नव्वा आतून म्हणाली.

ती स्वयंपाकघरातल्या जोंधळ्याच्या उंच डब्याजवळ उभी होती. तिनं झाकण काढलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच ठेवला. बाहेर काढला नाही.

“आधी मला येक सांग, पोरी. ती पाटंचं उठून जाती म्हनालीस न्हवं? परत येती का?”

शिवांजली दारात थांबली. तिच्या मागं सगळे.

“येते अव्वा.”

“आनाय जातंय कोन?”

“कुणी नाही. आपणहून येते.”

“कवा?”

“जरा दिवस लागतात. शेवटच्या फाईलीत.”

“आन् ती ज्यांच्या घरातनं गेली, ती मानसं तवर कशी ऱ्हात्यात?”

मधल्या काळात ते घर जळून खाक होतं आणि मालकाचे डोळे जातात, हे भीमाप्पांना माहीत होतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं. आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, हातात असलेली माहिती न देता त्यांनी ते मिटलं.

“वाट बघतात,” शिवांजली म्हणाली.

रत्नव्वाचा हात अजून जोंधळ्यातच होता. ती संकेश्वरकडची, कन्नड शाळेत दोन यत्ता शिकलेली. इंग्रजी सोडाच, आकड्यांपलीकडं तिला मराठीही वाचता येत नव्हतं. सातचा आकडा येत होता. “मी टायफॉडनं पडलो तवा,” ती म्हणाली, “तू पेपर सोडून उशाला बसलीस. ते मला कळत न्हाई असं न्हाई. खरं ह्या बारीला सुटलीस तर कुरुंदवाडला जानार. मला वाटलं, त्यातबी जाती, हितंबी जानार. निदान त्यातलं तरी अडवावं.” तिनं डब्यात बघितलं. “वाचता येत न्हाई मला, यव्वा. मग काय करू?”

“शनिवारी येईन अव्वा. ह्यांच्याबरोबर.”

“दर शनवारी?”

“दर शनिवारी.”

“सोमवारपातूर?”

“सोमवारी पहाटेपर्यंत.”

रत्नव्वानं हात बाहेर काढला. खाकी पुठ्ठा, लाल नाडी, वर ७. दाणे घरंगळत फरशीवर पसरले आणि ते गोळा करायच्या निमित्तानं दोघीही खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. भीमाप्पांनी घड्याळ बघितलं. बाराला दहा मिनिटं होती. जिनेंद्र पुढच्या दारानं नऊही फायली घेऊन धावत गेला. भीमाप्पांनी रजिस्टर उघडलं, सातव्या क्रमांकापुढं ‘सौ. रत्नव्वा’ असं लिहिलं आणि ते तिच्यासमोर सरकवलं. तिनं ‘परत’च्या रकान्यात कन्नडात सही केली. मग भीमाप्पा समोर जाऊन बनाबाईंच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि आपली चूक झाली असं म्हणाले. बनाबाई म्हणाल्या, मोठ्यानं म्हना, खिडक्या बंद हाईत.

बुधवारी आकाराम मास्तरांनी पानं मोजली. सगळी भरली. मग पुस्तक उभं धरून झटकलं, तेव्हा शिवणीतून जोंधळ्याचे तीन दाणे टेबलावर पडले. त्यांनी भीमाप्पांकडं बघितलं. भीमाप्पांनी छताकडं. मास्तरांनी दाणे कागदात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि सही केली.

पेपरात प्रश्न आला: शिकवणीची बाई घर सोडून का जाते? गाईडमध्ये पाच मुद्दे होते. शिवांजलीनं ते लिहिले आणि सहावा स्वतःचा घातला, की लग्नाआधी तिच्या वतीनं घराची चौकशी करणारं कुणी नव्हतं. हे बनाबाईंना कळल्यावर त्यांनी आठ दिवस गल्लीत सांगितलं की, पेपर आपण सोडवला. त्रेपन्न मार्क पडले. त्यातले किती सहाव्या मुद्द्याचे, हे कळायला मार्ग नाही.

मेच्या शेवटी सामान बांधायचं ठरलं, तेव्हा रत्नव्वा म्हणाली, “त्या खोलीची चौकशी केलीया का कुणी?”

“राजशेखर तीन वर्षं राहतोय तिथं,” भीमाप्पा म्हणाले.

“त्यो बाप्या हाय. त्याला काय कळतंय?”

दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून एसटीत बसली. भीमाप्पा पिशवी घेऊन मागं. कुरुंदवाडात तिनं आधी कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं, मग न्हाव्याला, मग नळावरच्या बायकांना: पाणी किती वेळ येतं, मालक पितो का, भांडकुदळ आहे का, घरात कोण कोण. मग खोलीवर गेली. भिंती बघितल्या, मोरी बघितली, चूल कुठं मांडायची ते ठरवलं. शेवटी शिडी मागितली आणि एवढ्या वयात, भीमाप्पा खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभे असताना, माळ्यावर चढली. वरून तिचा आवाज आला, “कुणी न्हाई. जळमटं हाईत.”

घरमालक मघापासून अंगणात उभा राहून हे सगळं बघत होता. त्यानं शेवटी विचारलं, “पावणं, तुमी कुणाकडनं आलाय म्हनायचं?”

भीमाप्पा उत्तर द्यायला वळले, पण रत्नव्वा शिडीच्या मधल्या पायरीवरूनच, पदर खोचत, म्हणाली, “पोरीकडनं.”